सर्वानुमते

चोपन्नाव्या वर्षी, म्हणजे माणसाला बऱ्यापैकी अक्कल आलेली असते त्या वयात, मी एका सरकारी वहीत स्वतःच्या हातानं असं लिहिलं: "येथे शाळेचे नाव लिहावे ही शाळा जवळच्या मोठ्या शाळेत समायोजित करण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे."

वाक्य पुन्हा एकदा वाचा. मी तेव्हा वाचलं नव्हतं, फक्त लिहिलं होतं. वरून आलेल्या नमुन्यात जिथे कोरी जागा हवी होती तिथे कोणीतरी आमच्या सोयीसाठी सूचना छापली होती, आणि मी ती सूचनाही शाईपेनानं उतरवून काढली. खाली सहा जणांच्या सह्या घेतल्या. सहांपैकी एकालाही काही खटकलं नाही. ज्या सभेचा हा ठराव होता ती सभाच झालेली नव्हती, ते आणखी वेगळं.

फादरांपुढे पापनिवेदनाला बसले की मी जिभेची पापं सांगते, रागाची सांगते, नणंदेची तर दर वेळी सांगते. हे मात्र कधी सांगितलं नाही. दहा आज्ञांमध्ये सभेच्या प्रोसिडिंग वहीचा उल्लेख नाही अशी माझी समजूत होती. आठवी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नकोस ही, नीट वाचली तर आहे. पण नीट वाचणं हा माझा गुण नव्हे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

तो गुण ज्यांच्याकडे होता त्या बाईंबद्दल सांगायचं आहे.

मी गास गावची. तिथून दोन वाहनं बदलून चांदीपच्या वाटेवरच्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जायची. दोन खोल्या, दोन शिक्षिका, चार इयत्ता आणि पट सतरा. मुख्याध्यापिकेचा कार्यभार माझ्याकडे होता, म्हणजे किल्ल्या आणि वह्या माझ्याकडे होत्या.

कायद्याप्रमाणे शाळेला पालकांची व्यवस्थापन समिती लागते. शाळा कशी चालते यावर तिनं लक्ष ठेवायचं असतं. तुमच्या जवळच्या शाळेतही ती असणार. दाराशी फळ्यावर नावं रंगवलेली असतात. आपण कोणी ती वाचत नाही, रंगवणाराही वाचून रंगवतो असं नाही.

आमच्या समितीचा अध्यक्ष निवडायचा होता तेव्हा मी जमलेल्या पालकांवर नजर फिरवली. एक जण गटारावर बोलत होता, एक जण खिचडीवर, आणि एक जण माझ्या यायच्या वेळेवर. मागच्या भिंतीला टेकून साठीच्या एक बाई बसल्या होत्या, पहिलीतल्या नातीला मांडीवर घेऊन. नातीचे आईबाप वालीवच्या कारखान्यात पाळीला जायचे, म्हणून पालक या. अख्खा तासभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. अध्यक्षपदाला याहून लायक माणूस मला दिसेना. मी नाव सुचवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढची दोन वर्षं आता शांततेत जातील म्हणून मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

वही लिहून झाल्यावर त्यांच्यापुढे धरली. "मावशी, इथे अंगठा."

त्या माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या. पण मी त्यांना मावशी म्हणायची. त्यामुळे मी आपोआप तरुण ठरायची.

त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाचून दाखवा."

"साधंच आहे मावशी. तुमची निवड झाली, एवढंच."

"एवढंच हाय तर कितीसा येल लागंल?"

मी वाचलं. 'सर्वानुमते निवड करण्यात आली' इथे त्यांनी हात वर केला.

"हा सर्वानुमते कोन?"

"कोणी नाही हो. म्हणजे सगळ्यांच्या मतानं."

"सगल्यांना कोनी इचारलं? तुमी नाव घेतलं, टाल्या पडल्या."

मग त्यांनी अंगठा दिला नाही, सही केली. अक्षर अक्षर सावकाश, भाताची रोपं लावावीत तशी एका ओळीत. सही येते पण वाचता येत नाही असे लोक पुष्कळ असतात. मी मनात तशी नोंद करून टाकली.

त्या दिवसापासून सर्वानुमते हा आमच्या समितीचा सभासदच झाला. सभेच्या दिवशी त्या दारातूनच विचारायच्या, "आलाय का तो?"

"कोण, मावशी?"

"तुमचा सर्वानुमते. आमची मानसं लावनीला गेली तरी तो येतो. खाडा नाय त्याचा."

बाकीचे हसायचे. मीही हसायची, अध्यक्ष भोळ्या आहेत म्हणून.

शाळेत एक वही पाण्याच्या टाकीची होती. दर महिन्याला मी तिच्यात लिहायची, 'टाकी स्वच्छ केली.' एके दिवशी ते वाचून दाखवलं तर बाईंनी विचारलं, "कोनी केली?"

वर्षानुवर्षं मी मुलांना वाक्यातला कर्ता शोधायला शिकवत होते आणि माझ्या टाकीच्या वाक्याला कर्ताच नव्हता. "केली गेली असेल," मी म्हटलं.

त्यांनी शेजारच्या घरून शिडी आणली, लुगडं खोचलं आणि वर चढल्या. झाकण बाजूला केल्याचा आवाज आला. मग वरून शांतपणे: "बाई, हितं चप्पल हाय. डावी."

पुढच्या शनिवारी टाकी धुतली. त्या आत उतरल्या, माझी सहकारी शिक्षिका बादल्या ओढत होती, आणि मी शिडी धरली. शिडी धरणं हेही काम असतं. वहीत त्या महिन्यात तीन नावं लागली. त्या चपलेचा मालक काही मिळाला नाही. त्या टाकीचं पाणी आम्ही तोपर्यंत किती महिने प्यायलो याचा हिशेब मी कधी मांडला नाही, तुम्हीही मांडू नका.

मला उशीर झाला तर त्या कधी बोलून दाखवत नसत. शाळेच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. "आज रस्त्याला डंपर लय होते वाटतं," एवढंच म्हणायच्या. आमच्या त्या रस्त्यानं खदानीचे डंपर जायचे, त्यामुळे हे कारण मला तयारच मिळायचं. एकदा चुकून मी वेळेवर पोचले. त्यांनी सोलणं थांबवून वर पाहिलं. "बाई, खदान बंद पडली का?"

वर्षभर मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. मोठ्या आवाजात, सावकाश, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. वाचत असताना त्या वहीकडे बघायच्याच नाहीत, हनुवटीखाली हात घेऊन माझ्या तोंडाकडे बघायच्या. एकदा एका अहवालात 'पाण्याचा नमुना तपासणीस पाठविणे प्रलंबित' अशी ओळ होती. ती मी टाळली. नमुना पाठवायचा राहिला होता, त्यावर चर्चा कशाला.

बाईंनी पुढे वाकून त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही ऱ्हायली."

मी चाट. "मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"चवथीपातूर याच शालंत होते मी. तवा एकच खोली होती."

"मग वर्षभर मला कशाला वाचायला लावता?"

"अक्षर मला दिसतं, बाई. तुमी वाचताना कुठं गिलता, ते तोंड बघितल्याबिगर कसं दिसनार?"

इतकी वर्षं मुलांच्या तोंडाकडे बघून कोण खोटं बोलतंय ते ओळखायची मी. ती कला शिक्षकांनाच येते असं मला वाटत असे.

आता त्या ठरावाकडे येते. ज्या शाळांचा पट वीसच्या आत आहे त्या जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या, असं वारं तेव्हा सुटलं होतं. आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवरचे साहेब, माणूस वाईट नव्हता. त्यांना वरून फोन येत होते, वरच्यांना त्यांच्या वरून. ते मला म्हणाले, "बाई, फक्त ठराव हवाय. नमुना दिलाय, उतरवून काढा. परवापर्यंत पोचला पाहिजे."

"पण सभा?"

"वहीत झाली म्हणजे झाली."

मला पटलं. पटायला आणखी एक कारण होतं. मोठी शाळा हमरस्त्याच्या जवळ. तिथे गेले असते तर माझं एक वाहन वाचलं असतं, आणि तिथल्या शिक्षिकांच्या संडासाला पाणी होतं. ही कारणं ठरावात लिहायला जागा नव्हती. ठरावात लिहिलं होतं की दोन्ही शाळांमधलं अंतर एक किलोमीटरच्या आत असून रस्ता सुरक्षित आहे. नमुन्यात तसं होतं. नमुन्यातला रस्ता सगळ्याच गावांना सुरक्षित होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वही घेऊन मी घरोघर फिरले. कोणी अंघोळीला निघालेला, कोणी जेवणावर. सहा सह्या अर्ध्या तासात मिळाल्या. सातवी अध्यक्षांची. त्या खळ्यावर होत्या, भाताची झोडणी चालली होती, बरोबर चार-पाच बायका.

"मावशी, एक सही होती."

"हात भरलेत माझे," त्या म्हणाल्या, आणि भाताची पेंढी आपटत राहिल्या. "वाचून दाखवा."

मी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत माझ्या कानांनी माझ्या तोंडाचं ऐकलं: 'येथे शाळेचे नाव लिहावे ही शाळा.' मी थांबले.

पेंढी थांबली. "ही शाला कुठं आली, बाई?"

मी ओळीवर बोट ठेवून पुन्हा पाहिलं.

"नाव मोठं हाय. ती बंद करायची असंल तर करा. आपल्याला काय त्रास नाय तिचा."

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फुडं वाचा."

मी पुढे वाचलं. सभा कोणत्या वारी झाली, किती सभासद हजर होते, अंतर, रस्ता. माझा आवाज सावकाश होताच, मोठा राहिला नाही.

"ह्या सभंत मी काय बोलले?"

"तुम्ही सूचक आहात."

"मंजे?"

"म्हणजे शाळा बंद करावी असं तुम्ही सुचवलंत."

"मी सुचवलं." त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "माझी नात दुसरीला हाय. सात वर्साची. तिनं डंपरच्या रस्त्यानं चालत जावं, असं मी सुचवलं."

"मावशी, वरून आलंय सगळं."

"वरून नमुना आला. लिवलं कोनी?"

ऊन बरंच होतं. मी वही मिटली. त्यांनी हात झटकले, माझ्याकडून वही मागून घेतली, ते पान उघडलं आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे न बघता कागदाकडे बघत राहिल्या.

"अक्षर लय चांगलं हाय तुमचं, बाई. त्याचीच भीती वाटते."

मग वही परत देत म्हणाल्या, "सोमवारी सभा घ्या. खरी. साहेबांना बी बोलवा. शालंत नको, रस्त्यावर घेऊ."

आमच्या शाळेच्या इतिहासात 'सभेचे ठिकाण' या रकान्यात 'रस्ता' असं एकदाच लिहिलेलं आहे. सोमवारी सकाळी सतरा मुलं, सगळे सभासद, आम्ही दोघी शिक्षिका जमलो. साहेब मोटरसायकलवर आले.

"गाडी हितंच ऱ्हाऊ द्या, साहेब," बाई म्हणाल्या. "पोरांना गाडी नाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेतांकडे पाहिलं.

मोठी शाळा नकाशावर जवळ दिसायची, कारण नकाशा शेताच्या बांधावरून जातो. पोरं रस्त्यानं जातात. रस्त्याला कडेची पट्टी नव्हती. डांबर संपलं की थेट चर. पहिला डंपर आला तेव्हा आम्ही सगळे चराच्या काठाला उभे राहिलो आणि धूळ बसेपर्यंत कोणाला कोणी दिसेना. दुसऱ्या डंपरला साहेबांनी न सांगता दोन पोरांचे हात धरले. ते मग शेवटपर्यंत सोडले नाहीत.

मी चालता चालता वही लिहीत होते, म्हणजे थांबून थांबून लिहीत होते, कारण मला दम लागत होता. अर्ध्या वाटेवर मोरी होती. तिथे बाईंची नात रस्त्यात फतकल मारून बसली. "आली का शाळा?" तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग मी घरी जाते." तिच्या आजीनं तिला उचललं नाही. "ऱ्हाऊ द्या बसलेली," त्या म्हणाल्या. "रोज कोन उचलनार हाय. बाई, ह्ये बी लिवा."

मी लिहिलं.

पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. मोठ्या शाळेच्या मैदानात झाडाखाली सगळे बसलो. बाईंनी मला एकेकाला नावानं विचारायला लावलं. गटारावर बोलणारा, शनिवारी सर्वांत आधी सही करणारा पालक उभा राहिला आणि म्हणाला, "त्या दिवशी मी जेवत होतो. माझं नाव आता नकोमध्ये घ्या." मग बाकीच्यांनीही तसंच सांगितलं. एकाला फार वेळ लागला. त्याचा भाऊ खदानीवर कामाला होता, डंपरविरुद्ध बोलणं त्याला परवडणारं नव्हतं. तो बराच वेळ पायानं माती उकरत बसला, आणि शेवटी म्हणाला, "नको."

मी शेवटची ओळ लिहिली: 'ठराव सर्वानुमते नामंजूर.' मोठ्यानं वाचून दाखवली.

"आज आला तो," बाई म्हणाल्या. "चालत आला."

साहेबांनी पाणी मागितलं, दोन तांबे प्याले, आणि आमच्याबरोबर परत चालत आले. गाडी आमच्या शाळेपाशीच होती ना.

शाळेत परतल्यावर मी बाईंना हळूच विचारलं, "ते शनिवारचं पान फाडून टाकू का?"

"फाडू नका. रद्द लिवा आनि सही करा. कोनी लिवलं, कोनी खोडलं, दोनी दिसलं पायजे."

वरून माझ्याकडे खुलासा मागवण्यात आला. मी जे घडलं ते लिहिलं; आयुष्यात पहिल्यांदाच नमुना नसताना सरकारी पत्र लिहिलं, म्हणून चार दिवस लागले. त्याचं उत्तर आलं नाही. शाळा चालू ठेवावी असा आदेश कधी आला नाही. बंद करावी असाही आला नाही. आमच्याकडे याला जिंकणं म्हणतात.

बाईंचा मात्र आदेश न येण्यावर विश्वास नव्हता. "पट वाढला नाय तर पुन्ना येतील," म्हणाल्या. गावाच्या कडेला नव्या चाळी उठल्या होत्या, कामाला आलेल्या परप्रांतीयांच्या. त्यांची पोरं दिवसभर वाळूच्या ढिगावर असायची. दुपारी आम्ही दोघी त्या चाळींतून फिरायला लागलो. माझं हिंदी बरं होतं, पण लोक माझ्यापुढे उभे राहायचे आणि 'हां जी, हां जी' म्हणायचे. बाई दारात बसायच्या, त्यांच्याकडचं पाणी मागून प्यायच्या आणि त्यांच्या हिंदीत विचारायच्या, "तुमारा पोरी कितना साल का? शाला में डालो ना."

एकीनं विचारलं, "फ्री है क्या?"

"फुकट नाय," बाई म्हणाल्या. "सरकारी हाय. सरकारी मंजे तुमारा बी, हमारा बी. खराब निकला तो भांडने का."

मला त्या बाईला समजावून सांगावंसं वाटलं की यांना असं म्हणायचंय, तसं म्हणायचंय. गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी ती पोरगी घेऊन हजर. मी निवृत्त झाले तेव्हा पट सव्वीस होता आणि पहिलीच्या वर्गात चार भाषांत रडणं चालायचं.

निवृत्तीनंतर मी तिकडे फार गेले नाही. गुडघे, नातवंडं, वाडीतली केळी, अशी कारणं मला तयारच मिळतात. बाईंचा मुलगा पुढे चंदनसारला फ्लॅट घेऊन गेला. त्या गेल्या नाहीत, गावातच राहिल्या. एकदा फोनवर म्हणाल्या, "तिकडं सोसायटीची सभा असते, बाई. सगले सही करून जेवायला जातात. मी एकटी कुठं कुठं बघू?"

गेल्या वर्षी त्या वारल्या. मला चार दिवसांनी कळलं. दोन वाहनं बदलून गेले. घराचं दार उघडं होतं, ओट्यावर कोणी नव्हतं. आत नात होती, आता कॉलेजात जाते, दिवसकार्यापुरती गावी आलेली. मला तिनं ओळखलं. चहा केला. मला काहीतरी बोलायचं होतं आणि सांत्वनाचं एकही वाक्य नमुन्यातलं नसलेलं सुचेना.

शेवटी मी तिला खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, तू फार लहान होतीस, तुला आठवत नसेल. तुझी शाळा बंद करायचा ठराव झाला होता ना, तो कोणा साहेबानं नाही, मी लिहिला होता. सभा न घेता. तुझ्या आजीच्या नावानं.

ती कपबशा उचलत होती. थांबली नाही, तशीच उचलत राहिली, आणि म्हणाली, "माहितीये, बाई. आजी सांगायची ती गोष्ट. पण तुमचं नाव नाही घ्यायची कधी. म्हणायची, एक बाई होत्या, त्यांनी घरी बसून आमची शाळा बंद केली. मग त्यांना म्हटलं, चला, तर आल्या. दम लागला होता त्यांना, पण मागे नाही फिरल्या."